खडूची खूण कुणी पुसली

विशाखा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळे बोलले. तुझ्या लॅबच्या मोठ्या मॅडम बोलल्या, नेरूळची तुझी घरमालकीण बोलली, आपल्या गल्लीतले दोघंतिघं बोलले. माईक माझ्याकडे दोनदा आणला. दोन्ही वेळा मी हातानेच नको म्हटलं. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखाने गप्प झालाय. दुःख होतंच. पण गप्प मी त्याने नव्हतो. मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती माईकवर सांगायला छाती झाली नाही.

मग तुझी रुबीना आली. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, उरणकडची. म्हणाली, "काका, आम्ही लॅबतर्फे विशाखाच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. दोन पानं तुमची हवीत. तुम्ही बोला, मी लिहून घेते." मी म्हटलं, मी चौथी पास आहे, मला लिहिता येतं. ती हसली. तू हसायचीस तसंच, खाली बघून. शुद्धलेखन तेवढं तिने नीट करायचं, बाकी एक शब्द हलवायचा नाही, असं मी तिला बजावलंय.

म्हणून लिहितोय. ज्यांच्यासमोर तू माझी गोष्ट सांगितलीस, तीच माणसं हे वाचणार आहेत. बरंच झालं.

तुला आठवतं का, तुझं ते पहिलं मोठं भाषण होतं, त्याच्या आदल्या रविवारची सकाळ. तू कोपरखैरण्याला आली होतीस आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मला समजावत होतीस. तुझी पद्धतच होती ती. बाबांना कळलं तर सगळ्यांना कळेल, असं म्हणायचीस. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

"बाबा, धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मधल्या थरात स्नायूच्या पेशी असतात. त्यांचं काम नळी आवळायची आणि सैल सोडायची."

"आपला पाणी सोडणारा व्हॉल्वमन."

"हां, व्हॉल्वमन म्हणा. पण नळीला मार बसला, धूर लागला, प्रेशर वाढलं, की ह्या पेशी आपलं काम सोडून देतात. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. आतल्या बाजूला सरकतात आणि तिथे भिंत जाड करत बसतात."

"म्हणजे आपल्या गल्लीसारखं. जो तो पुढे एक्स्टेंशन काढतो."

तू केवढी हसलीस. "अनधिकृत एक्स्टेंशन! आणि मधला रस्ता बारीक!"

"मग पाडून टाका की."

"कुणाला पाडता? कामगार तेच आहेत, बाबा. त्यांच्या आतलं पुस्तकही तेच आहे, त्यातलं एक अक्षर बदललेलं नसतं. तरी माणूस बदलल्यासारखे वागतात. आता हे कसं सांगू? अक्षर तेच, मग वागणं का वेगळं?"

तुझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघं मिळून माझा तवा जाळा."

आणि मी तुला खडूचं सांगितलं. कंपनीत दुरुस्तीसाठी शटडाऊन असला की शेकडो जोड उघडायचे आणि परत आवळायचे. कुठला जोड झाला, कुठला राहिला, हे डोक्यात राहत नाही. म्हणून आम्ही फिटर लोक पाईपावर खडूने खूण करायचो. आवळून झाला त्यावर बरोबरची खूण, राहिला त्यावर फुली. पुढच्या पाळीचा माणूस पाईप बघत नाही, खूण बघतो. पाईप तोच, बोल्ट तेच, नकाशा तोच. खूण पुसली की तोच पाईप घात करतो. मग तुला सांगितलं की एकदा असंच झालं होतं. वाफेच्या लाईनीवरची फुली कुणीतरी पुसली. फुली दिसली नाही, म्हणून पुढच्या पाळीला वाटलं काम झालंय. त्यांनी वाफ सोडली, आणि खाली माझा जोडीदार लक्ष्मण उभा होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तू हातातली वही खाली ठेवलीस. "बाबा, हेच! पेशीच्या आतसुद्धा असंच असतं. डीएनएवर खुणा असतात. हे पान वाचायचं, हे बंद ठेवायचं. खुणा बदलल्या की पेशी आपलं काम विसरते."

भाषणाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. इस्त्रीचा पांढरा सदरा. तू सगळं इंग्रजीत बोललीस, पण खडू हा शब्द आणि 'कुणीतरी फुली पुसली' हे वाक्य मराठीत म्हणालीस आणि माझ्याकडे हात केलास. सगळे मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. टाळ्या वाजल्या. मी उठून हात जोडले. पस्तीस वर्षं कंपनीत काढली, तिथे कुणी टाळी वाजवली नव्हती.

विशाखा, ती फुली मी पुसली होती.

लिहून झालं. आता पुढचं लिहितो.

त्या दिवशी एक साहेब राऊंडला आला होता. आमच्या लाईनी बघून म्हणाला, "हे पाईप आहेत का बालवाडीची भिंत?" चार माणसांत म्हणाला. माझं अक्षर, माझ्या खुणा. मी चौथी पास, त्याला ते माहीत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो गेल्यावर मी हात पुसायच्या सुती वेस्टचा बोळा घेतला आणि सगळी लाईन लखलखीत पुसून काढली. मनात म्हटलं, मला सगळे जोड पाठ आहेत, मला खडू लागत नाही. पाठ होतेही. पण पाळी बदलताना पुढच्याला सांगायचं राहिलं. एकच जोड होता. चौकशी झाली तेव्हा मीच म्हणालो, कुणीतरी पुसली असेल. लक्ष्मणची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. तो माझ्याच डब्यातली भाजी डाव्या हाताने खायचा आणि म्हणायचा, कोण हरामखोर होता कुणास ठाऊक. मी म्हणायचो, हो ना.

आता तोही नाही. तुला सांगणार होतो. टाळ्या वाजल्या त्या दिवशीच, परत येताना रिक्षात सांगणार होतो. तू म्हणालीस, "बाबा, आज तुमच्यामुळे जमलं." मग कसं सांगणार?

शेवटच्या भांडणाचंही सांगतो, कारण ते रुबीनाला अर्धंच माहीत आहे.

माझ्या छातीचे फोटो काढले, तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले बायपास. पायातली शीर काढून हृदयावर बसवायची. तू घरी येऊन कागदावर चित्र काढून दाखवलंस. पायातली शीर म्हणजे गल्लीतला नळ, तिला आता मेन लाईनचं प्रेशर झेपायला लागणार, मग तिच्या भिंतीतले कामगारही गोंधळतात, तेच तर आम्ही शोधतोय, असं बरंच बोललीस. मला सगळं कळत होतं. मग पिशवीतून एक फॉर्म काढलास.

"बाबा, ऑपरेशनमध्ये शिरेचा तुकडा उरतो. पेशंट हो म्हणाला तर तो आमच्या लॅबला मिळतो. तुम्ही द्याल?"

"नाही."

"अहो, ऐकून तर घ्या."

"ऐकलं. नाही."

"नाव नसतं त्यावर. फक्त नंबर असतो. कुणाला कळणार नाही कुणाची आहे."

तिथेच माझं बिनसलं. नंबर! आख्खं आयुष्य कंपनीत मी टोकन नंबर होतो. त्याआधी माझ्या आज्याला गावात नाव घेऊन कुणी हाक मारत नव्हतं. मेलेली ढोरं ओढायला बोलवायचे तेव्हा फक्त आरोळी द्यायचे. मी म्हटलं, "आमच्या अंगाचं आजवर ज्याने त्याने काय ते केलं. आता माझ्या मांसाचा तुकडा नंबर लावून कुणाच्या टेबलावर जाणार नाही."

"कुणाच्या नाही, बाबा, माझ्या टेबलावर. नाहीतर तो कचऱ्यात जातो. कचऱ्यात चालेल, पोरीच्या टेबलावर नाही?"

"कचऱ्यात जाईल तो माझा मी टाकलेला."

"अडेलतट्टू आहात तुम्ही."

"मग? तू कुणाची आहेस?"

तू हसशील असं वाटलं होतं. हसली नाहीस. फॉर्मवर सही करायची जागा दाखवायला तू पेन्सिलीने एक बारीक फुली केली होतीस. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि तुझ्या डोळ्यांदेखत ती फुली पुसली. आई म्हणाली, "अहो, काय हे!" तू चपला घातल्यास. आईने बांधलेल्या भाकरी आणि ठेचा तिथेच ओट्यावर राहिला. फॉर्मही राहिला.

आज्याचं मी बोललो ते खोटं नव्हतं. पण ते पुढे केलेलं कारण होतं. खरं कारण दुसरं होतं, ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

तूच एकदा सांगितलं होतंस की उपाशीपण, धूर, भीती, ह्यांच्याही खुणा पेशींवर पडतात. मी विचारलं होतं, मग त्या खुणा पोरांत उतरतात का? तू म्हणालीस, उंदरांत थोडंफार दिसलंय, माणसांचं अजून ठामपणे कुणाला सांगता येत नाही. आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलीस. मी मात्र तिथेच राहिलो. लहानपणी दुष्काळात मी माती खाल्लेली आहे, खरोखरची माती. मग तुर्भ्याच्या त्या एका खोलीत तू पाळण्यात होतीस आणि मी पाळण्याला पाय लावून बिड्या ओढायचो. एक संपली की दुसरी. तुझ्या आईने दार उघडं ठेवलं तर मी लावून घ्यायचो, का तर वारं येतं. तीस-बत्तीसची झालीस तर तुला ब्लडप्रेशर निघालं. तू म्हणालीस, टेन्शन असतं बाबा, कामाचं. मी मनात म्हटलं, ह्या माझ्या खुणा आहेत.

तर मला वाटायचं, ही माझी शीर घेईल, यंत्रात घालेल आणि वाचेल. कोण काय खाऊन जगला, काय ओढलं, कशाला भ्याला, सगळं वाचेल. आणि मग स्वतःकडे बघेल. तुला ते कळू नये म्हणून मी तो तुकडा कचऱ्यात टाकायला तयार होतो. तुझ्या शास्त्रात असं काही वाचता येत असेल नसेल, मला काय माहीत. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. विचारायला मान खाली घालावी लागली असती.

तीन आठवडे आपण बोललो नाही. रोज सकाळी फोनवर तुझा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, "बाबा, गोळी घेतली का?" एवढंच. मी ऐकायचो आणि फोन पालथा घालायचो. एकदाही हो म्हटलं नाही. गोळी मात्र घेत होतो.

मग त्या मंगळवारी सकाळी दहाला रुबीनाचा फोन आला. लॅबमध्ये तुझ्या पाठीत एकदम काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तू खाली बसलीस. आम्ही पोचलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होता. त्याने मला बाकावर बसवलं आणि मुलाला सांगतात तसं सोपं करून सांगायला लागला, "बाबा, शरीरात एक मोठी नळी असते..."

मी म्हटलं, "सांगा साहेब. भिंतीचे तीन थर मला माहीत आहेत. कुठला गेला?"

तो माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "आतला पदर फाटला. रक्त मधल्या थरात शिरलं. मधला थर कमजोर झाला असावा."

मधला थर! तुझे व्हॉल्वमन. दहा वर्षं तू लोकांच्या नळ्यांतले मोजत बसलीस आणि तुझ्या स्वतःच्या नळीतले काम सोडून गेले. त्या कॉरिडॉरमध्ये तुझी आई, तुझी मावशी, सगळे रडत होते आणि काय झालं काय झालं विचारत होते. मला एकट्याला नीट कळलं होतं. तू शिकवलेलं होतं ना. कशाला शिकवलंस ग? न कळता रडलो असतो तर जरा हलकं झालं असतं.

रुबीनाने तुझी पिशवी आणून दिली. त्यात तुझ्या प्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. जवळजवळ भरलेलं. मला रोज विचारायचीस आणि स्वतः घेत नव्हतीस! मला इतका राग आला की मी ते पाकीट भिंतीवर फेकलं. मग गुडघ्यावर बसून एकेक गोळी वेचली. तुझी आई म्हणाली, "बापावर गेली होती. दुसरं काय?"

ती सहज म्हणाली. मला मात्र जेवण गेलं नाही.

मी रुबीनाला विचारलं. आडून आडून नाही, सरळ. "पोरी, खरं सांग. माझ्या खुणा तिच्यात उतरल्या का? माझ्यामुळे झालं का?"

तिने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, मी नाही म्हणाले तर तुम्हाला बरं वाटंल. पन मला म्हाईत नाय. कुनालाच सांगता यायचं नाय." एरवी माझ्याशी पुस्तकी बोलते, तेव्हा घरचं बोलली. तू असतीस तर हेच म्हणाली असतीस. तुझ्यासारखीच आहे, खोटं बोलत नाही. तू असल्या माणसांत राहत होतीस ह्याचं बरं वाटलं. आणि मला काही सुटका नाही हेही कळलं.

लोक मला सांगतात, पोरीने नाव काढलं. काढलं. तू मला माझ्याच अंगाची ओळख करून दिलीस. हाताची नाडी धरली की आता मला नुसता ठोका लागत नाही, आत आवळणारे आणि सैल सोडणारे दिसतात. एवढं मोठं देऊन गेलीस. पण मी घेऊन काय करू? सकाळी चहा पिताना ते आत काम करतायत हे मला कळतं. बापाचे करतायत, पोरीचे थांबले. अशा वेळी मला ते नको होतात. थांबा म्हणावंसं वाटतं. ते ऐकत नाहीत.

ऑपरेशन मी करून घेणार आहे. मला जगायची हौस आली म्हणून नाही. तुझी आई म्हणाली, "मला दुसरं पुण्यानुमोदन करायची ताकद नाही." म्हणून.

काल रुबीनाला म्हटलं, तो फॉर्म आण. ती नवीन घेऊन आली. मी आपल्या कपाटातला तुझा जुना काढला. ती म्हणाली, "काका, हा चालणार नाही. ह्याच्यावर संपर्काला विशाखाचं नाव आहे." मी म्हटलं, "म्हणून तर." तिने नवा पुढे सरकवला. नव्या फॉर्मवर तुझ्या नावाच्या जागी तिचं नाव आहे. तिने ते बोटाखाली झाकून धरलं होतं, मला दिसू नये म्हणून. मी तिचं बोट बाजूला केलं आणि सही केली. अंगठा नाही, सही, आडनावासकट. नंबर काय पडणार म्हणून विचारलं. ते सांगता येत नाही म्हणाली, नियम आहे. बरं म्हटलं. म्हणजे उद्या तुमच्या त्या फ्रिजमध्ये माझा तुकडा कुठला हे मलाही कळणार नाही. तुला कळलं असतं. तू ओळखला असतास, मला खात्री आहे.

तू वाचशील ह्या भीतीने मी शीर दिली नाही. आता तू वाचणार नाहीस, म्हणून देता आली. ह्यात शहाणपण नाही आणि दानधर्मही नाही. पुस्तिकेत कुणी माझं कौतुक छापू नये.

रुबीना गेल्यावर तुझा जुना फॉर्म मी खिडकीशी धरला. पेन्सिलीचं काळं गेलंय, पण तू दाबून लिहायचीस. उन्हात तिरका धरला की कागदात फुलीचा खळगा अजून दिसतो. मी त्यावर बोट फिरवलं. मग तिथेच सही केली. हा कागद कुठेच जाणार नाही, कुठल्या कामाचाही नाही.

एवढंच सांगायचं होतं, विशाखा, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना. तुझ्या भाषणातलं ते एक वाक्य दुरुस्त करून घ्या. कुणीतरी पुसली नव्हती. दोन्ही वेळा मीच पुसली.